'मोजलं नाही' म्हणायची सोय ठेवा

प्रति,
राज्यात आरोग्याची अ‍ॅप मागवणारे अधिकारी, ती बनवायचं कंत्राट घेणाऱ्या कंपन्या, आणि त्या कंपन्यांत बसून पडदे आखणारी माझ्याच पेशातली मंडळी यांना

सप्रेम नमस्कार.

अ‍ॅपमध्ये काही रकान्यांच्या नावापुढे बारीकशी लाल चांदणी असते. तो रकाना भरल्याशिवाय 'पुढे' हे बटण उजळत नाही. हे सगळं पत्र त्या एका चांदणीविषयी आहे. एवढ्याशा गोष्टीसाठी एवढं लांबण कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण गेली काही वर्षं मी या चांदणीच्या मागावर हिंडते आहे, आणि तिनं कुठंकुठं काय करून ठेवलंय ते एका ई-मेलात मावत नाही.

आधी कबुली देते. ती चांदणी मीही लावलेली आहे.

माणसं यंत्राशी कसं जुळवून घेतात आणि कुठं अडतात, हा माझा अभ्यासाचा विषय. शेजारीपाजारी कुणी विचारलं तर आई सांगते, "मोबाईलवर लोकांचं बोट कुठं अडतं ते बघते ती." इतकी नेमकी व्याख्या मला आमच्या पाठ्यपुस्तकात सापडलेली नाही. संशोधनात येण्याआधी मी एका कार्यालयात नोकरीला होते. तिथं आशाताईंसाठी नवजात बाळाच्या गृहभेटींचा फॉर्म बनवायचं काम माझ्याकडे आलं. बाळ जन्मलं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई घरी जाते. वजन करते, ताप बघते, श्वास मोजते, बाळ अंगावर नीट पितंय का ते बघते. एका बैठकीत वरिष्ठ म्हणाले, वजनाचा रकाना फार रिकामा येतोय. मी म्हटलं, त्यात काय, दोन मिनिटांचं काम. चांदणी लावली. पुढच्या महिन्यात रकाना शंभर टक्के भरलेला आला. माझं कौतुक झालं. कुणीतरी पेढेसुद्धा आणले.

काही महिन्यांनी त्या वजनांचा आलेख काढायची वेळ आली. असा आलेख मध्ये फुगीर आणि दोन्ही अंगांना उतरता यायला हवा. आमचा आलेख म्हणजे सपाट माळावर एकटं कळसूबाई. बरोबर २५०० ग्रॅमवर सुळका, आणि त्याच्या अलीकडे, तेवीसशे-चोवीसशेच्या आसपास, दरी.

हे कसं झालं ते कळायला फार डोकं लागत नाही. अडीच किलो हा तोंडात बसलेला आकडा. शिवाय तो निरुपद्रवी. २५०० ग्रॅमच्या खाली गेलं की बाळ 'कमी वजनाचं' ठरतं आणि प्रश्न सुरू होतात: सिस्टरला कळवलं का, जादा भेटी दिल्या का, पाठवलं का नाही. काटा हाताशी नसेल, बिघडला असेल, घरच्यांनी बाळ काट्यात घालू दिलं नसेल, तर अडीच. लोकांना वय विचारलं की तीस, पस्तीस, चाळीस यांवर गर्दी होते, हे लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्यांना फार आधीपासून माहीत आहे. पण माझ्या आलेखातली दरी ही निव्वळ गोल आकड्यांची खोड नव्हती. ज्या बाळांसाठी त्या सहा भेटी ठरवल्या होत्या, नेमकी तीच बाळं त्या दरीत पडली होती. मी चांदणी लावण्याआधी तिथं कोरी जागा होती, आणि कोऱ्या जागेकडे बघून कुणीतरी विचारू शकलं असतं, "का हो, इथं काही नाही ते?" मी तो प्रश्न विचारायची सोय बंद केली आणि वर पेढे खाल्ले.

नोकरी सोडल्यावर मी सह्याद्रीच्या उतारावरच्या एका तालुक्यात एका आशाताईंबरोबर बरेच दिवस काढले. गाव सांगत नाही. त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक हे वाचतील, आणि मला त्या घरचा चहा पुन्हा प्यायचा आहे. या ताईंकडे एक दोनशे पानी वही आहे, वर मुलाच्या नावाची शाळेची पट्टी तशीच चिकटलेली. त्या वहीत नावांपुढे खुणा असतात. 'मा' म्हणजे माहेरी गेलेली. दोन टिंबं म्हणजे रक्त कमी. उलटी फुली म्हणजे सासू घरात असताना ही बाई तोंड उघडत नाही, तेव्हा सासू रानात गेल्यावर जायचं. हे त्यांना कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नाही. घरोघरी फिरताना हाती असते ती वही. अ‍ॅप भरायचं ते संध्याकाळी, गावाबाहेरच्या आंब्याखाली, कारण रेंज तिथंच येते. त्या आंब्याला गावात आता 'टॉवर' म्हणतात.

टॉवरखाली मी त्यांच्या शेजारी बसून बघत होते. वहीतलं एकेक नाव वाचत त्या एंट्री मारत होत्या. रक्तदाबाच्या रकान्याशी आल्या. वहीत तिथं काही लिहिलेलं नव्हतं. अंगठा जराही थबकला नाही: १२०, मग ८०.

"ताई, हे मोजलं कधी?"

"मोजलं नाही." अगदी सहज. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मशीन सिस्टरकडे. सिस्टर येतात मंगळवारी. मंगळवारी ही मजुरीला जाती. आता सांगा मॅडम, हिला पेंडिंग ठेवू? बुधवारी झूमवर माझंच नाव वाचून दाखवतील."

"मग खरं तेच लिहायचं ना, की मोजलं नाही."

त्या हसल्या. "कुठं लिहू? तुमच्या अ‍ॅपला 'नाही' कळतंच नाही."

बाई खोटारडी नव्हे. तिच्या वहीत त्या जागी कोरंच होतं आणि ते कोरं खरं होतं. रक्त कमी असलेल्या बाईपुढची दोन टिंबं तिनं कुणी सक्ती न करता काढली होती. खोटं फक्त तेवढंच होतं, जेवढं आपण मागून घेतलं होतं.

एकदा ही गोष्ट दिसायला लागली की सगळीकडे दिसते. शेवटच्या पाळीची तारीख घ्या. चांदणीवाला रकाना. दाबला की इंग्रजी महिन्यांचं कॅलेंडर उघडतं. समोरची पोरगी म्हणाली, "नागपंचमीला माहेरी होते, त्याच्या पुढंमागं आली होती." आशाताईंनी फोन बाजूला ठेवला आणि भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं. त्यावर दुधाचा हिशोब, गॅस कधी लावला, कुणाचा हप्ता कधीचा, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. पानं मागं उलटली, नागपंचमी शोधली, बोट दोन ओळी वरखाली फिरवलं. वहीत लिहिलं: 'नागपंचमी, ४-५ दिवस मागंपुढं'. अ‍ॅपमध्ये मात्र एकच तारीख टाकली, कारण त्याला एकच लागते. अ‍ॅपनं त्यात २८० दिवस मिळवून बाळंतपणाची तारीख काढून दिली, एका दिवसाचीही शंका न ठेवता. कालनिर्णय १९७३ पासून घराघरांत लटकतंय. तारीख, तिथी, सण एका चौकोनात, आणि हवं तिथं पेन्सिलीनं लिहा, कुणी अडवत नाही. आमच्या विद्यार्थ्यांना मी चांगल्या पडद्याचा नमुना म्हणून तेच दाखवते. आधी ते हसतात, मग गप्प होतात.

पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला लागतं? मी पाहिलेल्या एका अ‍ॅपला लागतं. त्यात पर्याय दोनच: 'उपलब्ध' आणि 'स्थलांतरित'. 'उपलब्ध' ठेवलं तर सासरच्या ताईंच्या यादीत ती दर आठवड्याला जास्त जास्त लाल होत जाते. 'स्थलांतरित' दाबलं तर नाव यादीतून जातं, आणि बाळ घेऊन ती परत आली की ते पुन्हा आणायला तालुक्याच्या ऑपरेटरला चार फोन. म्हणून ताई 'उपलब्ध' ठेवतात आणि न झालेल्या तपासण्या भरत राहतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीला निघणाऱ्या बायकांचं तर बोलायलाच नको. त्या पाच-सहा महिने फडावर असतात. गावातल्या यादीत त्या असतात की नसतात हे कुणाच्या अंगठ्यावर अवलंबून.

मोबाईल नंबरचंही तेच. घरात फोन एक, तो नवऱ्याबरोबर पुण्याला. रकाना दहा आकडी, पुढं चांदणी. मग ताईंचा स्वतःचा नंबर. अ‍ॅप म्हणतं, हा नंबर आधी वापरलाय. मग दिराचा. पुढं त्या नंबरावर ओटीपी येतो, लसीची आठवण येते, आणि दीर पोल्ट्रीत काम करता करता 'प्रिय माता' असा मेसेज वाचतो.

फोन नक्की कुणाचा, तो वाजतो तेव्हा शेजारी कोण असतं, हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचआयव्हीबाधित रुग्णांसाठी 'तामा' नावाची फोनवर बोलणारी सेवा तयार केली होती. मराठी लिहायचा 'स्वरचक्र' कळफलक ज्यांनी दिला तेच हे जोशी. पाच दवाखान्यांतल्या ५४ रुग्णांनी ती सेवा १२ आठवडे वापरली, आणि त्यावरचा निबंध २०१४ मध्ये आमच्या क्षेत्रातल्या सगळ्यात मोठ्या परिषदेत वाचला गेला. रोजच्या गोळ्यांची आठवण करून देणं हे त्यातलं एक काम. आता विचार करा, ही आठवण दिराच्या फोनवर गेली तर? त्या आजारात असली चूक माणसाला गावातून उठवू शकते. तिथं कुणी नुसती चांदणी लावून मोकळं होऊ शकत नाही. मग गरोदर बाईच्या बाबतीत आपण इतके बिनधास्त का?

बायका बोलत नाहीत असंही नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत केले. जुने, कमी मेमरीचे, तापणारे फोन, आणि त्यावर नोंदी भरायचं इंग्रजीतलं 'पोषण ट्रॅकर' अ‍ॅप. मोर्चे काढून, पिशव्या भरून फोन परत! माझ्या पेशात याला 'वापरणाऱ्यांचा प्रतिसाद' म्हणतात आणि तो गोळा करायला आम्ही पैसे मोजतो. इथं तो फुकट दारात आला होता. पुढं भाषा बदलली, फोन बदलले. पण त्या बायका फक्त फोनबद्दल बोलत नव्हत्या. आता जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थीचा चेहरा जुळवणं सक्तीचं झालंय. म्हणजे चांदणी रकान्यातून निघून थेट माणसाच्या तोंडावर जाऊन बसली. चेहरा जुळला नाही, रेंज गेली, बाई तापानं फणफणलीय म्हणून तिची जाऊ आली, तर सेविकेनं काय दाबायचं?

इथं मला गडचिरोलीची एक पाटी आठवते. मोबाईल नाही, संगणक नाही, वीजसुद्धा नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथल्या 'सर्च' या संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढं न्यूमोनियानं मरणारी मुलं होती. न्यूमोनियाचा संशय घ्यायची सोपी खूण म्हणजे श्वासाची गती. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतचं ५० किंवा जास्त, तर धोका. पण गावातल्या दाईला सलग पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं आणि घड्याळ वाचता येत नव्हतं. आपण असतो तर काय केलं असतं? दोन दिवसांचं प्रशिक्षण, शेवटी चाचणी, आणि रकान्याला चांदणी. त्यांनी दाईला बदलायच्या भानगडीत न पडता मोजणीच बदलली. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. पुन्हा दहा, पुन्हा एक. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला तर बाळाला औषध हवं. लहान बाळाची मण्यांची ओळ वेगळी, मोठ्याची वेगळी. झालं. दहापर्यंत तर प्रत्येकीलाच मोजता येतं.

या 'ब्रेथ काउंटर'वरचा लेख १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. मी तो दर वर्षी वर्गात वाचून घेते. विद्यार्थ्यांना मण्यांची युक्ती भावते, ते ठीकच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मणी सरकला की उत्तर कुणाला मिळतं? दाईला. तिथंच, बाळाच्या उशाशी बसल्या बसल्या. औषध तिच्याच पिशवीत. ती मोजते ते स्वतःला कळावं म्हणून. मग खोटा मणी कशाला सरकवेल? आपल्या अ‍ॅपमध्ये ताई मोजते ते मुंबईला कळावं म्हणून, आणि मुंबईहून तिला परत येतो तो फक्त लाल रंग.

पुढं त्याच गडचिरोलीतल्या ३९ गावांमध्ये नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचं काम झालं, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला, १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं आणि २०११ मध्ये देशभरच्या आशाताईंच्या कामात त्या गृहभेटी आल्या. म्हणजे मी ज्या भेटींचा फॉर्म बनवून पेढे खाल्ले, त्या भेटी मण्यांच्या पाटीच्याच घराण्यातल्या. घराणं असं आणि सून मी अशी.

तुमचा आक्षेप मला माहीत आहे, कारण तो मीही घेतलेला आहे. सक्ती काढली तर कुणी काही भरणारच नाही. काही जणी नाहीच भरणार, हे मान्य. पण कोरा रकाना तुम्हाला दिसतो, खोटा अडीच दिसत नाही. आज तुमच्याकडे शंभरातल्या शंभर नोंदी आहेत आणि त्यांतल्या खऱ्या कोणत्या हे तुम्हाला, मला, देवाला, कुणालाच सांगता येणार नाही. सत्तर खऱ्या आणि तीस 'मोजलं नाही' अशा आल्या तर त्या तीसांचं काय करायचं ते निदान ठरवता येईल. बरं, काम करून घ्यायला कुलूपच लागतं असंही नाही. टांझानियात ब्रायन डीरेन्झी आणि सहकाऱ्यांनी आरोग्य सेविकांना भेट राहिल्याची आठवण साध्या एसएमएसनं पाठवून पाहिली. तरी भेट झाली नाही तर सुपरवायझरला कळायचं. भेटीला सरासरी ९.७ दिवस उशीर होत होता, तो १.४ दिवसांवर आला. आणि सुपरवायझरला कळण्याची कडी काढून टाकली तेव्हा काम पुन्हा घसरलं. म्हणजे फरक पाडला तो पलीकडे कुणीतरी माणूस आहे या जाणिवेनं. आपल्याकडे पलीकडे गटप्रवर्तक आहेत, सिस्टर आहेत, पीएचसीचे, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचे, डॉक्टर आहेत. त्यांच्यापर्यंत काय पोचवायचं, एवढाच प्रश्न. टक्केवारी पोचवली तर ते टक्केवारीवरूनच बोलणार.

माझं मागणं तसं लहान आहे. जिथं जिथं मोजून लिहायचंय तिथं आकड्याच्या शेजारी 'मोजलं नाही' हा तितकाच मोठा पर्याय द्या, आणि खाली कारणं, ताईंच्या बोलीतली: काटा बिघडला, मशीन नव्हतं, घरात घेतलं नाही, बाई माहेरी, मी गेले नाही. हो, हेही. तारखेच्या शेजारी 'अंदाजे'. आणि ही कारणं टक्केवारीतून वजा करू नका. 'काटा बिघडला' हे बारा ठिकाणांहून आलं तर ते बारा जणींचं अपयश नसतं, ती बारा काट्यांची मागणी असते. मागणीपत्र लिहायला आपल्या व्यवस्थेत सहा सह्या लागतात. इथं ते आपोआप लिहिलं जातंय, आणि आपण ते लिहू देत नाही.

हे आत्ताच का म्हणतेय तेही सांगते. याच आकड्यांवर आता एआय बसवायची घाई चालली आहे. कुठल्या बाईचं बाळंतपण अवघड जाईल हे यंत्र आधी सांगेल म्हणे. सांगू शकेल कदाचित. पण १२०/८० आणि २५०० वर शिकलेलं यंत्र काय शिकेल? की खेड्यातल्या बायकांची तब्येत उत्तम असते. नित्या संबासिवन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये भारत, आफ्रिका आणि अमेरिकेतल्या एआय बनवणाऱ्या ५३ जणांशी बोलून एक निबंध लिहिला. त्यांतल्या ९२ टक्के लोकांना मूळ माहितीतल्या दोषानं पुढं कुठंतरी खड्ड्यात घातलं होतं, आणि बहुतेकदा ते फार उशिरा कळलं होतं. यंत्र उत्तम असूनही फसतं ते वेगळंच. थायलंडमध्ये मधुमेही लोकांच्या डोळ्यांचे फोटो तपासायला गूगलचं एआय दवाखान्यांत नेलं, तेव्हा पहिल्या १८३८ फोटोंपैकी २१ टक्के यंत्रानं नाकारले, कारण दवाखान्यातला उजेड प्रयोगशाळेसारखा नव्हता. नर्सला डोळा धडधडीत निरोगी दिसतोय, आणि यंत्र म्हणतंय पुन्हा फोटो काढा, नाहीतर पेशंटला दूरच्या डॉक्टरकडे पाठवा. थायलंडमधल्या त्या नर्सेस आणि आमच्या ताई एकमेकींना भेटल्या तर भाषा कळली नाही तरी गप्पा रंगतील.

सगळं वाईटच चाललंय असं नाही. मुंबईच्या 'अरमान' संस्थेची 'एममित्र' सेवा गरोदर बायकांना फोन करून आवाजात माहिती देते. काही बायका हळूहळू फोन ऐकेनाशा होतात. मिलिंद तांबे आणि गूगलच्या गटानं अशी पद्धत बसवली, की दर आठवड्याला कुणाला संस्थेतल्या माणसानं स्वतः फोन करावा हे यंत्र सुचवेल. २३,००३ बायकांवर ती तपासली आणि गळती सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. मला त्यात आवडतं ते हे, की यंत्र मुख्यतः ज्या आकड्यावर चालतं तो कुणाकडून वदवून घेतलेला नाही. बाईनं फोन किती सेकंद ऐकला, हा तो. आणि यंत्राचं उत्तर काय, तर 'हिला माणसानं फोन करा'.

असो. आता जे करून पाहिलं ते सांगते आणि थांबते.

गेल्या पावसाळ्यात पीएचसीच्या डॉक्टरांना विचारून मी तीन ताईंना एकेक कागद दिला. अ‍ॅप नेहमीसारखंच भरायचं, पण सोबत हा कागदही. त्यावर वजनाचा रकाना आणि शेजारी 'मोजलं नाही, कारण'. अट एवढीच, की हा कागद झूमवर वाचला जाणार नाही. महिन्यानं कागद गोळा केले. 'बाळ झोपलेलं, आजी उठवू देईना.' 'सव्वा महिना झाला नाही म्हणून बाहेरूनच बोलले.' 'काटा अडकतो.' 'काटा अडकतो.' 'ओढ्याला पाणी, गेलेच नाही.' डॉक्टरांनी शेवटची ओळ दोनदा वाचली. हे वर पाठवता येणार नाही, म्हणाले. मग उठले, कपाट उघडलं, आणि मागच्या खणातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला नवा काटा काढून दिला. तो तिथंच होता. जुना अडकतो हे त्यांच्यापर्यंत पोचायला कुठला रस्ताच नव्हता, कारण अ‍ॅपमध्ये त्या उपकेंद्रातल्या प्रत्येक बाळाचं वजन वेळेवर येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी ताईंबरोबर गेले. ओढा उतरला होता. बाळाचा सातवा दिवस. आईनं झोळीत घातलं, ताईंनी काटा उचलला, आकडा स्थिर व्हायची वाट बघितली, आणि वहीत लिहिलं: २१५०. आईला छातीशी कसं धरायचं ते दाखवलं, टोपी घातली, सिस्टरला तिथूनच फोन लावायचा प्रयत्न केला. मग संध्याकाळी टॉवरखाली बसून अ‍ॅप उघडलं आणि तोच आकडा टाकला.

अ‍ॅपकडे तिसऱ्या दिवसाचं वजन आधीच होतं. २५००. पडद्यावर लाल अक्षरं आली: 'वजन आधीच्या भेटीपेक्षा खूप कमी आहे. कृपया योग्य वजन भरा.'

ताईंनी पुन्हा २१५० टाकलं. पुन्हा तेच. त्यांनी फोन माझ्याकडे वळवला. 'पुढे' राखाडीच होतं.

आपली,
या फॉर्मच्या आधीचा एक फॉर्म बनवलेली संशोधक